पार्श्वभूमी : खोक्यावरचं ‘थॉमसन’

निफाड-दिंडोरीत ‘थॉमसन’ म्हणजे हिरवं, बिनबियांचं द्राक्ष, एवढाच अर्थ उरला आहे. जातींच्या गुणवत्तेची तुलना करायला बसलं की घोळ इथूनच सुरू होतो.

भोकरी, मग अनाबेशाही हा बियांच्या द्राक्षांचा काळ थॉमसनने संपवला. पण थॉमसनचा मणी मुळात लहान. जीएच्या (जिब्रेलिक आम्ल, मणी फुगवणारं संजीवक) डिपिंगशिवाय, म्हणजे घड त्या द्रावणात बुडवल्याशिवाय, तो फुगत नाही. पुढे तासगाव भागात थॉमसनमधूनच निवडलेली तास-ए-गणेश इकडे आली, सोलापूरकडून माणिक चमन आणि लांबट मण्याची सोनाका. खोक्यावर मात्र सर्रास ‘थॉमसन’च छापलं गेलं. शरद सीडलेसचा काळा रंग लपण्यासारखा नव्हता, म्हणून तिचं नाव टिकलं.

त्यामुळे ‘थॉमसन गोड की गणेश’ या वादात बहुतेक वेळा दोन जाती नव्हे, दोन बागा भांडत असतात. जीए किती, घडाला मणी किती ठेवले, गोडी छाटणी (फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) कधी झाली, यावर चव ठरते. मोजमापही सरळ नाही. शेतकरी रिफ्रॅक्टोमीटरवर (रसाची गोडी मोजायचं यंत्र) घडाच्या खांद्याचा मणी पिळतो, व्यापारी शेंड्याचा. खांदा आधी पिकतो, शेंडा मागे राहतो. एकाच घडात दोन आकडे. शिवाय ‘शुगर’ म्हणून वाचला जाणारा ब्रिक्स म्हणजे विद्राव्य घटकांची बेरीज, त्यात आंबटपणा कळत नाही. 18 ब्रिक्सला आम्ल 0.6 टक्के असेल तर ब्रिक्स-आम्ल गुणोत्तर 30, 0.9 असेल तर 20. हा फरक जिभेला लगेच कळतो. तरी सौदा आधी मण्याच्या मिलिमीटरवर होतो, चव नंतर. हे उलटं आहे, पण वर्षानुवर्षं चालत आलंय.

छाटणीनंतर शेंडावाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) या रसायनाचे अंश 2010 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत सापडले आणि कंटेनर अडकले. तेव्हापासून ‘गुणवत्ता’ म्हणजे आधी रेसिड्यूचा (फळात उरलेल्या रसायनांच्या अंशांचा) अहवाल.

अलीकडे परदेशी पैदासकारांच्या जाती रॉयल्टी भरून लावल्या जातात. त्यांचा मणी मुळातच मोठा, म्हणून जीए कमी, असा दावा. तो कितपत खरा, हे बागेगणिक वेगळं दिसतं. यांची काडी मात्र पाहुण्यांच्या बागेतून मागून आणून कलम बांधता येत नाही. तास-ए-गणेश तशीच पसरली होती.