तोळाभर सोनं, तोळाभर बर्फ

आईच्या दोन जुन्या अंगठ्या आणि एक तुटकी साखळी आटवायला घेऊन गेलो होतो. वजन भरलं दहा ग्रॅम, म्हणजे हल्लीच्या हिशेबाने एक तोळा. (जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण तो आता आजीच्या बोलण्यातच उरलाय.) सोनारकाकांनी तुकडे मुशीत टाकले, वर चिमूटभर टाकणखार भुरभुरला आणि गॅसची ज्योत त्यावर धरली. तोवर माझ्यासाठी कोकम सरबत आलं, त्यात बर्फाचा एक खडा. मुशीतलं सोनं लाल झालं, मग नारिंगी. कडा ढिल्या पडल्या आणि बघता बघता तुकड्यांचा एक थरथरणारा गोल थेंब झाला. ग्लासातला खडा मात्र अजून अर्धा शिल्लक होता.

तोळाभर सोनं आणि तोळाभर बर्फ, दोन्ही वितळवायचे तर जास्त उष्णता कोण खाईल? कुणीही सोन्याचंच नाव घेईल. सोन्याचा द्रवणांक, म्हणजे वितळण्याचं तापमान, १०६४ अंश सेल्सिअस, बर्फाचा शून्य. पण हिशेब करून बघा.

हिशेबाचे दोन भाग. पहिला, पदार्थ द्रवणांकापर्यंत तापवणं: वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) गुणिले तापमानातली वाढ. एक ग्रॅम सोनं एका अंशाने तापवायला फक्त ०.१२९ ज्यूल लागतात, पाण्याला ४.१८, म्हणजे बत्तीसपट. दुकानात ३० अंश तापमान धरलं तर सोन्याला १०३४ अंश चढायचे आहेत. १० × ०.१२९ × १०३४, म्हणजे साधारण १,३३० ज्यूल. दुसरा भाग वितळण्याचा. सोन्याला त्यासाठी ग्रॅममागे सुमारे ६४ ज्यूल लागतात, म्हणून दहा ग्रॅमला ६४०. बेरीज १,९७०.

आता बर्फ. ग्लासातला ओला खडा शून्य अंशावरच असतो, त्यामुळे त्याला तापवायचा प्रश्नच नाही, नुसतं वितळायचं. त्याला ग्रॅममागे ३३४ ज्यूल, दहा ग्रॅमला ३,३४०. सोन्याच्या जवळपास पावणेदोनपट! भट्टीचा रुबाब सोन्याचा, पण जास्त खाणारा निघाला बर्फ.

(काटेकोर वाचकांसाठी: सोनं तापत जातं तसा त्याचा विशिष्ट उष्माही थोडा वाढतो, म्हणून खरा आकडा शे-दीडशे ज्यूलने जास्त येईल. शिवाय दागिना बावीस कॅरटचा, त्यात तांबं-चांदीची भेसळ. तो एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, थोड्या टप्प्यात वितळतो. निकाल मात्र बदलत नाही.)

असं का होतं, याचं उत्तर अणूंच्या मोजदादीत आहे. सोन्याचा अणू पाण्याच्या रेणूच्या जवळपास अकरापट जड. म्हणजे तोळाभर बर्फात जितके रेणू, त्याच्या अकराव्या हिश्श्याइतकेच अणू तोळाभर सोन्यात. माणशी खर्च काढला तर सोन्याचा एकेक अणू बर्फाच्या रेणूपेक्षा सहापटीहून जास्त उष्णता घेतो. पण पंगतीला पानंच कमी, म्हणून एकूण खर्च कमी. १८१९ साली ड्यूलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हेच टिपलं होतं: घन धातूंचा विशिष्ट उष्मा वेगवेगळा दिसतो, पण अणूमागे काढला की जवळपास सारखाच भरतो. चांदीचा अणू सोन्याच्या निम्म्याहून थोडा जड, म्हणून तोळ्यात अणू जास्त. चांदी ९६२ अंशालाच वितळते, तरी तिला सोन्याहून बरीच जास्त, जवळपास बर्फाइतकी उष्णता लागते.

त्या दुसऱ्या भागाचा, वितळण्याच्या उष्णतेचा, पत्ता मात्र माणसाला उशिरा लागला. थर्मामीटर लावून बसलात तर बर्फ वितळत असताना पारा हलत नाही. उष्णता आत जात राहते आणि दिसत नाही. १७६१ च्या सुमारास ग्लासगोला जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञांनी एका थंड दालनात काचेची दोन सारखी भांडी टांगली, एकात बर्फ, दुसऱ्यात जवळपास बर्फाइतकंच थंड पाणी. पाणी अर्ध्या तासात ३३ वरून ४० अंश फॅरनहाइटवर गेलं, म्हणजे ७ अंश चढलं. बर्फाच्या भांड्याला त्याच ४० अंश फॅरनहाइटपर्यंत यायला साडेदहा तास लागले. अर्धा तास एकवीस वेळा, दर वेळी ७ अंशांची उष्णता, म्हणजे १४७; त्यातले ८ अंश वितळलेलं पाणी ३२ वरून ४० वर तापण्यात गेले. उरलेले १३९ कुठे गेले? बर्फाचं पाणी करण्यात. हे सेल्सिअसमध्ये ७७ अंश होतात. आजचा आकडा (३३४ भागिले ४.१८) ८० च्या जवळ. दोन भांडी आणि एक घड्याळ एवढ्या सामग्रीत! शाळेच्या पुस्तकात आपण यालाच अप्रकट उष्मा म्हणतो.

सरबताचा हिशेबही मग बसतो. २०० मिलिलिटर सरबत ३० अंशाला आहे. त्यात शून्य अंशाचं दहा ग्रॅम पाणी ओतलं तर तापमान जेमतेम दीड अंश उतरेल. तेवढाच बर्फ टाकला तर पाच अंश.

हे सगळं पावतीच्या मागे मांडत असताना मला एक गोष्ट खटकली. एक ग्रॅम एलपीजी जळला की सुमारे ४६,००० ज्यूल मिळतात. आमच्या तोळ्याला लागणारे दोन हजार ज्यूल म्हणजे पन्नास मिलिग्रॅमसुद्धा गॅस नाही. मग ज्योत इतका वेळ कशाला? काकांना विचारलं. साच्यात ओतलेली लगड चिमट्याने उलटत ते म्हणाले, "अहो, सोनं कुठे गॅस खातं? मूस खाते, आणि उरलेला ही हवा." शंभर ग्रॅमची मूस हजार अंशावर न्यायची तर लाखभर ज्यूल सहज जातात. म्हणूनच ते सकाळी आलेली सगळी कामं जमवून ठेवतात आणि मूस लाल आहे तोवर एकामागून एक आटवतात. माझ्यामागे बाकावर आणखी तीनजण बसले होते.