गच्ची काळी का पडते, आणि अ‍ॅसिड का नको

गणपती गेले, पाऊस ओसरला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गच्चीचे फोटो पडू लागतात. कोबा काळा, कठड्याची भिंत काळी, टाकीच्या गळक्या कॉकखालचा पट्टा तर सगळ्यात काळा. निदान ठरलेलं: गाड्यांचा धूर. उपायही ठरलेला: बाथरूमचं अ‍ॅसिड ओता. दोन्ही चूक.

निदान घरच्या घरी तपासता येतं. कपड्यांच्या ब्लीचचा एक थेंब डागावर सोडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. काजळी म्हणजे कार्बन, तो ब्लीचला अजिबात दाद देत नाही. डाग फिका पडला तर मामला सजीवांचा आहे. आपल्याकडे बहुधा तो फिका पडतोच.

हे सजीव म्हणजे सायनोबॅक्टेरिया, शाळेच्या पुस्तकातलं नील-हरित शैवाल. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे, त्यामुळे कोबा म्हणजे त्यांना किरकोळच. ऊन, ओल आणि थोडी धूळ एवढ्यावर त्यांचं भागतं; नायट्रोजनसुद्धा त्यातले बरेच जण हवेतून घेतात. नव्या सिमेंटचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, 12 ते 13 असतो, तिथे मात्र त्यांचा निभाव लागत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत जाऊन पृष्ठभागाचा पीएच 9 च्या आसपास उतरला की वस्ती सुरू होते. फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर पहिली काही वर्षं गच्ची स्वच्छ दिसते, त्यात बिल्डरचं कर्तृत्व नसतं.

पण प्रकाशसंश्लेषण करणारा जीव हिरवा दिसायला हवा, हा काळा का? मला या सगळ्या प्रकरणात खरा रस आहे तो इथे.

पुण्यात वर्षाला 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेला काळ हे जीव कोरडे ठणठणीत, उन्हात पडून असतात. ओल्या पेशीत अतिनील किरणांनी डीएनए बिघडवला तरी विकरं (एन्झाइम) त्याची दुरुस्ती करतात. सुकलेल्या पेशीत सगळं कामकाज बंद, त्यामुळे बिघाड नुसता साठत जातो. तेव्हा दुरुस्तीची वेळच येऊ नये अशी सोय हवी. ती सोय म्हणजे सायटोनेमिन नावाचं रंगद्रव्य. ते पेशीत नसतं, पेशीबाहेरच्या चिकट आवरणात असतं, अंगावर ओढलेल्या छत्रीसारखं. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन या अमिनो आम्लांपासून ते तयार होतं. त्याची रचना 1993 मध्ये उलगडली: दोन सारखे अर्धे भाग एकमेकांना जोडलेले, आणि एकाआड एक दुहेरी बंधांची लांबच लांब साखळी. अशा साखळीत इलेक्ट्रॉन एका अणूशी बांधलेले राहत नाहीत, साऱ्या रेणूभर पसरतात, आणि त्यांना वरच्या पातळीवर जायला लागणारी ऊर्जा कमी होते. परिणामी 370 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषले जातात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. हे शोषण दृश्य प्रकाशातही थोडं सांडतं, म्हणून आपल्याला तपकिरी-काळा रंग दिसतो. हा रेणू फार चिवट असतो. पेशी मेली तरी डाग राहतो, तो यामुळे.

जूनमध्ये पहिली सर आली की आवरण फुगतं, आधी श्वसन सुरू होतं, मग प्रकाशसंश्लेषण.

उत्तरेची किंवा ईशान्येची बाजू जास्त काळी दिसली की वास्तुदोष सांगून तांब्याचा पिरॅमिड गळ्यात मारणारे लोक आहेत. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि त्यातला बराचसा काळ आभाळ भरलेलं. बाकी वर्षभर तो दक्षिणेला, म्हणजे उत्तरेकडची बाजू सावलीत. ती उशिरा वाळते, एवढाच काय तो दोष.

आता सफाई. अ‍ॅसिड डागाबरोबर सिमेंटही खातं. पृष्ठभाग खरबरीत होतो, छिद्रं उघडतात, त्यात ओल आणि धूळ टिकते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पिकाची मशागत आपणच करून ठेवतो. त्यात कुणी ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो थेट फुप्फुसावर जातो. आज अ‍ॅसिड आणि उद्या ब्लीच, हेही नको. साचलेल्या पाण्यात दोघांची गाठ पडते.

ब्लीच एकटंच वापरा. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट चार-पाच टक्के लिहिलेलं असेल तर एका भागाला चार भाग पाणी घ्या. सकाळी ऊन चढण्याआधी गच्ची झाडून ओली करा, द्रावण पसरा, पंधरा-वीस मिनिटं वाळू देऊ नका, मग नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश आणि जेट पंप दोन्ही नकोत, ते सिमेंटचा वरचा थर काढतात. गॉगल, हातमोजे आणि न घसरणारे बूट हवेतच. कुंड्या आधी हलवा. गच्चीचं पाणी बोअरवेलमध्ये सोडलं असेल तर तो पाइप त्या दिवशी बंद ठेवून पाणी ड्रेनेजला काढा. हे हमखास विसरलं जातं. राखाडी गोल चट्टे दिसले तर ती लायकेन, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. ती खरवडू नका, ब्लीचने मारून वाळू द्या.

मंगलोरी कौलांवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर स्वतः चढू नका. ओलं कौल घसरतं, जुना पत्रा पायाखाली फुटतो, आणि त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तो घासला की तंतू हवेत उडतात.

हल्ली गच्चीला ‘नॅनो’ कोटिंग करून देणारेही येतात. त्यांना एकच विचारा, कोब्याचा उतार दुरुस्त करणार का? खळग्यात पाणी साचत राहिलं तर कोटिंगवर धूळ बसणार आणि त्या धुळीवर हेच जीव उगवणार.