रुईच्या कुळातली होया आणि खान्देशचा उन्हाळा

भुसावळच्या रुळांकडेला किंवा धुळ्याच्या माळावर रुई कुणी लावत नाही. पारा ४५ अंशांवर गेला तरी ती हिरवीच असते. बांधावरच्या काट्यांवर चढणारी उतरण तिच्याच कुळातली. दोघींचं पान तोडलं की पांढरा चीक वाहतो. हल्ली नर्सरीत ‘वॅक्स प्लांट’ म्हणून मिळणारी जाड, चकचकीत पानांची होयासुद्धा याच कुळातली. मात्र रुई उघड्या माळावरची आणि होया दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर, सालीच्या आधाराने वाढणारी. त्यामुळे जळगावच्या गॅलरीत ती जगते, वाढते, पण फुलायला फार आढेवेढे घेते.

याचं मोठं कारण मला असं दिसतं की होयाबद्दलचा बहुतेक सल्ला थंड देशांतून आलेला असतो. तिथे उन्हाळा हा वाढीचा काळ, म्हणून उन्हाळ्यात पाणी आणि खत वाढवायला सांगतात. तोच सल्ला आपण मे महिन्यात पाळतो आणि वेल कुजवतो. खान्देशात होयाचं वर्ष वेगळं मांडायला हवं, आणि ते का, हे तिच्या श्वासात दडलेलं आहे.

बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. जाड पानांच्या अनेक होया, आणि नर्सरीत सर्वांत जास्त मिळणारी होया कार्नोसा त्यातलीच, हे काम रात्री करतात. घेतलेला वायू त्या मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून उजेडात त्याची साखर करतात. पाणी वाचवायची ही युक्ती आहे. आपल्या ओळखीची पानफुटी हेच करते. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइने यांनी १८१३ साली एका पत्रात लिहून ठेवलं होतं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत ती आंबटाई निघून जाते. (होयाचं पान मात्र चाखू नका, त्यात चीक असतो.)

या युक्तीला गार रात्र लागते. मे महिन्यात आपल्याकडे भिंती रात्रभर धगधगत असतात, मध्यरात्री गच्चीवरही झोप लागत नाही. अशा रात्री पानात आम्लाचा साठा नीट होत नाही आणि श्वसनातच बरंच खर्ची पडतं. वेल वाढ थांबवते. मुळं पाणी ओढत नाहीत, कुंडी मात्र आपण मायेने भरत राहतो. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत खत पूर्ण बंद ठेवावं. पाणीही कुंडीतलं मिश्रण बोटभर आतपर्यंत कोरडं झाल्यावरच, संध्याकाळी द्यावं. या दिवसांत होयाला सर्वांत चांगली जागा म्हणजे कुलर असलेली खोली: हवा गार आणि ओलसर. फक्त कुलरचा झोत थेट वेलीवर नको.

वाढीचा खरा हंगाम आपल्याकडे मृगापासून सुरू होतो. जून ते ऑक्टोबर हवा दमट, रात्री सुसह्य. खत द्यायचं ते याच काळात. घरी शेतीचं पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समान) असेलच, तर लिटरभर पाण्यात ग्रॅमभर टाकून पंधरा-वीस दिवसांनी एकदा दिलं तरी पुरे. त्यापुढे जाऊन नुसता युरिया देऊ नका, पानंच पानं येतील. मग थंडी. पारा दहाच्या आसपास उतरला की वेल भिंतीजवळ घ्यावी आणि पाणी कमी करावं. या गार, कोरड्या विश्रांतीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागतो, तेव्हा कळ्यांची आशा धरावी. पावसाळा ओसरताना दुसरी संधी मिळते.

उजेडाची गोष्ट मात्र थोडी अवघड आहे. बाहेर ऊन रग्गड, आणि त्याच उन्हापायी आपण खिडक्या बंद करून, पडदे ओढून घर अंधारं करतो. अशा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात होया वर्षानुवर्षं हिरवी राहील, फुलणार नाही. फुलांना साखरेचा साठा लागतो आणि तो उजेडातूनच येतो. पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी सर्वांत उत्तम. सकाळचं कोवळं ऊन पानांवर यावं. दुपारच्या उन्हात पानं आधी पिवळट पडतात, मग भाजतात. पश्चिमेकडेच जागा असेल तर हिरवी शेडनेट लावावी.

आता फुलाबद्दल, कारण एवढी खटपट त्यासाठीच. कार्नोसाचा घोस हातात धरून पाहा. छत्रीच्या काड्यांसारखे एका बिंदूतून निघालेले देठ आणि प्रत्येकाच्या टोकाला पाच पाकळ्यांची फिकट गुलाबी चांदणी. पाकळीवर बारीक लव असते, त्यामुळे ती मखमली दिसते. मधोमध दुसरी, छोटी, मेणासारखी चकचकीत चांदणी, तिच्या गाभ्यात लाल. संध्याकाळी सुगंध वाढतो आणि मधाचे थेंब लोंबू लागतात. रुईचं फूल जवळून पाहिलेल्याला ही ठेवण ओळखीची वाटेल. दोन्हींत परागकण सुटे उडत नाहीत. त्यांच्या दोन पिशव्या एका चिमट्याने जोडलेल्या असतात आणि तो चिमटा किड्याच्या पायाला अडकतो. रुईवर काळा भुंगा हे काम करतो.

होया हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये थॉमस हॉय या माळ्याच्या सन्मानार्थ दिलं. ऑर्किड आणि रुईच्या कुळातलं परागण कसं होतं, हे शोधताना ब्राउन यांना पेशीच्या आत एक गोल ठिपका पुन्हा पुन्हा दिसला. १८३१ च्या निबंधात त्यांनी त्याला ‘न्यूक्लियस’ म्हटलं. शाळेत आपण शिकतो ते पेशीकेंद्रक हेच. रुईच्या कुळाचं विज्ञानावर हे केवढं मोठं ऋण आहे!

फुलं गळाल्यावर मागे एक आखूड, जाड दांडी उरते. तिला सुकलेला देठ समजून कापू नका. कार्नोसासारख्या होयांत पुढचा घोस त्याच दांडीच्या टोकातून येतो आणि दर बहराला ती थोडी लांबते. नीट पाहिलं तर तिच्यावर जुन्या फुलांच्या खुणा दिसतात. तसंच बिनपानांचा लांबलचक शेंडा भरकटताना दिसला तर तो छाटायचा नाही. तो आधार शोधत असतो, पानं मागाहून येतात. चार पऱ्हाट्या उभ्या करून त्याला वळवून द्या. आणि एकदा कळ्या धरल्या की कुंडी हलवू नका, कोरडीठाक पडू देऊ नका. कळ्या पिवळ्या पडून गळतात.

कुंडीत आपली काळी माती नको. कापसाला ती सोनं आहे, पण ती पाणी धरून ठेवते आणि होयाच्या मुळांना हवा लागते. नारळाच्या सालीचे तुकडे, कोकोपीट, कोळसा, विटांचा चुरा आणि थोडं गांडूळखत असं भुसभुशीत मिश्रण करा. कुंडी मुळांपुरतीच असावी. मुळं आवळली की फुलं येतात असं म्हणतात. मला त्यातला खरा फायदा एवढाच वाटतो की लहान कुंडी लवकर सुकते. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर ते वापरा.

रुईवरचा पिवळा मावा होयाच्या कोवळ्या शेंड्यावरही येतो. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. सुरुवातीलाच ओल्या फडक्याने पुसून निंबोळी अर्क फवारला तर पुढचा त्रास वाचतो.

विकत घेताना होया कार्नोसा किंवा होया प्युबिकॅलिक्स घ्या. हिमालयातली होया लिनिअॅरिस दिसायला मोहक आहे, पण तिला थंड डोंगर हवा. आपल्या वैशाखात ती टिकवणं फार कठीण. बदामाच्या आकाराचं एकच पान खोचलेली कुंडी, म्हणजे होया केरी, भेट म्हणून खूप विकली जाते. त्या पानाला मुळं फुटतात, ते बरीच वर्षं हिरवं राहतं. पण नवा फुटवा पेरावरच्या डोळ्यातून येतो आणि नुसत्या पानाला तो डोळा नसतो. वेल हवी असेल तर निदान एक पेर आणि दोन पानं असलेला तुकडा मागून घ्या.