कीबोर्डची ओळख : बाय-आयडी की बाय-पाथ?

प्रश्नमंजूषेसाठी चार संघांसमोर चार कीबोर्ड ठेवून ते एकाच रास्पबेरी पायला (तळहाताएवढ्या छोट्या संगणकाला) जोडायचे आणि कोणत्या संघाने कोणती कळ दाबली हे नेटवर्कवरून मुख्य संगणकाला कळवायचे असेल, तर खरी अडचण संदेश पाठवण्याची नसून कीबोर्ड ओळखण्याची असते. पायवर चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीत '/dev/input' या डिरेक्टरीत प्रत्येक कीबोर्डला 'इव्हेंट०', 'इव्हेंट१' असे क्रमांक मिळतात. परंतु ते उपकरणे सापडतील त्या क्रमाने दिले जात असल्यामुळे पाय पुन्हा सुरू केल्यावर तेच राहतील याचा भरवसा नसतो. म्हणून त्याच डिरेक्टरीत 'बाय-आयडी' आणि 'बाय-पाथ' या दोन उपडिरेक्टरींमध्ये टिकाऊ नावांच्या लिंक, म्हणजे त्या-त्या कीबोर्डकडे नेणारी पर्यायी नावे, तयार होतात.

'आयडी' म्हणजे ओळख, असे समजून अनेक जण पहिलीच निवडतात आणि तिथेच फसतात. बाय-आयडीमधले नाव उत्पादक, मॉडेल आणि असल्यास अनुक्रमांक यांवरून बनते. स्वस्त कीबोर्डमध्ये बहुधा अनुक्रमांक नसतो. त्यामुळे एकाच मॉडेलचे चार नग आणले की चौघांचे नाव एकच होते आणि ती एकमेव लिंक चौघांपैकी एकाकडेच नेते. उरलेले तिघे व्यवस्थित चालत असूनही त्या नावाने सापडतच नाहीत.

बाय-पाथ मात्र कीबोर्ड यूएसबीच्या कोणत्या पोर्टला जोडला आहे एवढेच सांगते. हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा जोड) वापरला तर त्यावरच्या पोर्टचा आकडाही टिंब देऊन नावात येतो. बिघडलेला कीबोर्ड काढून त्याच जागी दुसऱ्या कंपनीचा लावला तरी सहसा नाव बदलत नाही. उलट दोन वायरींची अदलाबदल झाली, तर संघांचीही होते. एकच बारकोड स्कॅनर असेल आणि तो कधी या पोर्टला, कधी त्या पोर्टला लागत असेल, तर बाय-आयडी योग्य. प्रश्नमंजूषेला, माझ्या मते, बाय-पाथच हवे.

याचा संदेशाशी थेट संबंध आहे. 'ए' या कळीचा संकेतांक चारही कीबोर्डवर ३०च असतो आणि कळ दाबली की १, सोडली की ०, धरून ठेवली की २ हे मूल्यही सर्वत्र सारखेच येते. यूडीपी पॅकेटमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या छोट्या सुट्या संदेशात, एवढेच पाठवले, तर चारही संघांचे संदेश एकाच पायच्या पत्त्यावरून येत असल्याने ते वेगळे ओळखण्याचा कोणताही मार्ग मुख्य संगणकाकडे उरत नाही. संघाचे नाव पायवरच, ज्या पोर्टवरून कळ वाचली त्यावरून ठरवून, प्रत्येक संदेशात घालावे लागते आणि तोच संघक्रमांक पोर्टशेजारी व वायरीच्या टोकाला चिकटवून ठेवावा लागतो.