पुढची गाडी कुठली घेऊ असं विचारणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी

सर्व्हिसिंगला गाडी लावली की निम्मे लोक बिल बघायच्या आधी हेच विचारतात, दादा ऑटोमॅटिक घेऊ का ईव्ही, म्हणजे बॅटरीवरची गाडी, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं. आमचं गॅरेज वाईत, समोर पसरणी घाट, त्यामुळे खालची सगळी मतं घाटातली आहेत. रोज सपाट रस्त्याने ऑफिसला जाणाऱ्याने ती जशीच्या तशी घेऊ नयेत.

आधी एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल, कारण जास्तीत जास्त गैरसमज हिच्याबद्दल. २०१४ ला सेलेरिओतून ही आपल्याकडे आली आणि लोकांना वाटलं चला, स्वस्तात ऑटोमॅटिक मिळाली. अहो गियरबॉक्स मॅन्युअलचाच आहे, क्लचप्लेट पण आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गियर टाकायचं काम तुमच्याऐवजी यंत्र करतं. शनिवार-रविवारी घाट तुंबला की लोक चढावर ब्रेक न दाबता नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात, क्लच अर्धवट घासत राहतो आणि संध्याकाळी गाडी जळका वास घेऊन आमच्या दारात. ब्रेक दाबून ठेवा, जास्त वेळ थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढा, पुढे जागा झाली की मगच निघा, आणि चढाला एम मोडमध्ये (हाताने गियर बदलायच्या) टाकून खालचा गियर धरा. एवढं पाळलं तर एएमटी बाजारहाटाला झकास आहे.

टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक महाग पडते, पण निघताना जोर तेलातून पुढे जातो, घासायला क्लचप्लेट नाही, म्हणून बजेट असेल तर घाटवाल्यांनी डोळे झाकून हीच घ्यावी. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गियरांऐवजी पुलीवरच्या पट्ट्याने चालणारी ऑटोमॅटिक, गावात लोण्यासारखी चालते, चढाला इंजिन नुसतं ओरडतं. ड्राय क्लचवाली, म्हणजे क्लच तेलात न बुडलेली, डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) मोकळ्या हायवेला मजा देते, तुंबलेल्या घाटात तापते.

मी स्वतः मॅन्युअलवाला. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून वळण काढायची जी गंमत आहे ती बटणात नाही, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण एका गिऱ्हाइकाची ईव्ही पाचगणीपर्यंत नेली आणि गप्प बसलो. गियर बदलायचाच नाही, मोटरचा सगळा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, शून्यापासून हजर, हेअरपिनवर थांबून परत निघालो तरी गाडी मागे सरकली नाही.

आता रेंजचं, म्हणजे एका चार्जमध्ये ईव्ही किती जाते त्याचं. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, चढ साधारण सहाशे मीटर. दीड-पावणेदोन टनाची गाडी नुसती वर उचलायलाच अडीच-तीन युनिट जातात, चालवायचं वेगळं. त्यामुळे मीटर भराभर उतरतो आणि लोक घाबरून फोन करतात. घाबरू नका, उतरताना रीजनमुळे, म्हणजे मोटरच गाडी अडवून वीज बनवते आणि बॅटरीत भरते त्यामुळे, त्यातलं बरंचसं परत येतं. फक्त वरच्या हॉटेलात शंभर टक्के चार्ज करून निघू नका, भरलेल्या बॅटरीत आणखी भरायला जागा नसते, रीजन लागत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नव्वदच्या आत ठेवून निघा. आणि पेट्रोल-डिझेलवाल्यांनो, उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं असं तुम्हाला वाटतं ना, उलट ब्रेक पॅडला पैसे घालवता, वर जीव धोक्यात.

ईव्हीला काम निघत नाही असं शोरूमवाले सांगतात. इंजिन ऑइल नाही हे खरं, पण वजन जास्त म्हणून टायर लवकर झिजतात, सस्पेन्शनचे रबरी बुश जातात, ब्रेक ऑइल आणि कूलंट बघावंच लागतं. ब्रेक कमी वापरला जातो म्हणून आपल्या पावसात डिस्कला गंज धरतो, तो साफ करायला आणा. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर मोठी फुल्ल असून पण गाडी सुरू होत नाही, ती आम्ही बदलून देतो. बंद पडली तर दोर बांधून ओढत आणू नका, फ्लॅटबेडच बोलवा. मोठ्या बॅटरीचं आणि केशरी वायरींचं (त्यात जास्त व्होल्टेज असतं) काम मात्र आमच्याकडे होत नाही, त्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या, आणि तुम्ही स्वतः तर हात पण लावू नका.