१४ एप्रिलचा अग्निशमन सेवा दिन आला कुठून?

दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. जवान मान्यवरांच्या छातीवर छोटा कागदी ध्वज टाचतात, भायखळ्याच्या मुख्यालयात मानवंदना होते. मुंबईत त्याच दिवशी आंबेडकर जयंतीची लगबग असते, त्यामुळे या दिवसामागचा १९४४ सालचा मुंबईच्या गोदीतला स्फोट पुष्कळांच्या नजरेतून निसटतो.

ते महायुद्धाचे दिवस होते. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, तेव्हा त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटकं, लढाऊ विमानं आणि ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, गंधक, लाकूड भरलं. कापूस किती सहज पेट घेतो, हे मुंबईच्या कापूस बाजारातल्या हमालालाही ठाऊक होतं. तरी तो स्फोटकांच्या शेजारी रचला गेला. एरवी दारूगोळ्याचं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबवून माल होड्यांमध्ये उतरवत, जहाजावर लाल बावटाही असे. युद्धाच्या घाईत हे दोन्ही नियम बाजूला पडले. १२ एप्रिलला जहाज थेट मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, एक नंबरच्या धक्क्याला लागलं. माझ्या मते दुर्घटना तिथेच ठरून गेली होती.

१४ तारखेला दुपारच्या सुट्टीनंतर जहाजाच्या पोटातल्या दोन नंबरच्या खणातून, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यातून, धूर येताना दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. शेकडो टन पाणी आत गेलं, पण आगीचं मूळ सापडेना. खणातलं पाणी उकळू लागलं, जहाजाचा पत्रा तापून लाल झाला. जहाज तिथेच बुडवायचं की समुद्रात ओढून न्यायचं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होत नव्हतं. तोवर जवान पाइप हातात धरून डेकवर उभेच होते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. ‘जलपद्म’ नावाच्या जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन शेडच्या छपरावर टेकला. शिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. मांडवी, मशीद बंदर भागातली धान्याची गोदामं आणि घरं पेटली, सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

त्या ६६ जणांसाठी हा दिवस पाळला जातो, आणि तो पाळलाच पाहिजे. गोदीतल्या इतर मृतांचं काय, हा प्रश्न मात्र मला दर एप्रिलला अस्वस्थ करतो. मृतांचा अंदाज ८०० ते १,३०० असा हेलकावे खातो. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे बातमी दाबली गेली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या (आजच्या व्हिएतनाममधल्या) रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली, इथल्या लोकांना मात्र अधिकृत तपशील मे महिन्यात मिळाले. शिवाय गोदीतली माणसं टोळीवाल्यामार्फत, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमामार्फत, रोजावर घेतली जात. काम असेल त्या दिवशी हजेरी, नसेल तर परत. अशा माणसाचं नाव कोणत्या यादीत असणार?

सोन्याची गोष्ट मात्र शहरभर सांगितली जाते. एक वीट दीडेक किलोमीटरवरच्या एका घराचं छप्पर फोडून आत पडली आणि घरमालकाने ती सरकारला परत केली. गोदीचा गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं विटा मिळत राहिल्या. प्रत्येक वीट हिशोबात होती.

नुकसानभरपाईसाठी त्याच वर्षी सरकारला वटहुकूम काढावा लागला, कारण आगीच्या साध्या विम्यात असा स्फोट बसत नव्हता. व्यापाऱ्यांचा जळालेला माल त्यामुळे कागदावर आला. व्हिक्टोरिया गोदी तर पुढे कंटेनर ठेवण्यासाठी बुजवून टाकली गेली. गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला आणि रोजावरच्या माणसाची रीतसर नोंदणी होण्याची वाट त्यानंतर मोकळी झाली.