बटाटा उपासाला, पाव दाराबाहेर

चीज किसून घातलेला, वर शेजवान सॉस ओतलेला वडापाव समोर आला की आपल्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, वडापावाची पार वाट लावली. दुसरा म्हणतो, आवडतो त्याला खाऊ दे की. मिसळीचंही तेच. कोल्हापुरात कटाबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात, मुंबई-नाशकात पाव येतो, आणि एकाला दुसऱ्याचं ताट बघवत नाही. या भांडणात ‘अस्सल’ हा शब्द फार वापरला जातो, म्हणून थोडं मागे जाऊन बघू.

वडापावातून गेल्या पाचशे वर्षांत बाहेरून आलेलं सगळं बाजूला काढलं, तर इथलं म्हणून मुख्यतः बेसन आणि लसूण उरते. बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडांतल्या. त्या आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आल्या. ‘बटाटा’ हा शब्द त्यांच्याकडून आला आणि ‘पाव’ही त्यांचाच, त्यांच्या भाषेतल्या भाकरी-रोटीचं नाव. (पायानं मळतात म्हणून पाव, हे अजूनही ठासून सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही.) १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. भट्टीची सवय त्यांना होती, पण पीठ फुगवायला इथे सापडली माडाची सूर, म्हणजे माडी. तिच्यावर गोव्यातल्या पोदेरांचा, म्हणजे पाववाल्यांचा, धंदा उभा राहिला.

म्हणजे बटाटा आणि पाव आले एकाच पाहुण्याबरोबर. पण दोघांचं स्वागत अगदी वेगळं झालं. बटाटा थेट एकादशीच्या ताटात जाऊन बसला. त्याच्या शेजारचा साबुदाणाही ब्राझीलकडच्या कंदाचा, त्यातले शेंगदाणेही तिकडचेच. पावाला मात्र उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पाव खाल्ला की माणूस बाटला. विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायल्यामुळे सगळं गाव बाटलं, ही गोष्ट वसई आणि गोव्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ती प्रत्येक गावात तशीच घडली असेल असं नाही, पण लोकांना ती पटत होती एवढं खरं.

असं का झालं? बटाटा कच्चा आला. तो आपल्या घरात, आपल्या पाण्यात, आपल्या माणसाच्या हातानं उकडला गेला. पाव आला तो भाजूनच, दुसऱ्याच्या हातचा, दुसऱ्याच्या पाण्यात मळलेला, त्यात सुरेनं फुगवलेला. पदार्थ परका होता म्हणून कुणाचं अडलं नाही. अडलं ते हातांपाशी.

हे मी लहानपणी घरात पाहिलं आहे. काका तापातून उठला होता आणि डॉक्टरांनी त्याला दूध-पाव सांगितला. तेव्हा पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं. आजीनं तो ओसरीवरच, एका निळ्या काठाच्या बशीत दिला. ती बशी नंतर घासली, पण स्वयंपाकघरातल्या फळीवर परत गेली नाही. मोरीजवळच्या कोनाड्यात ती ‘पावाची बशी’ म्हणून वर्षानुवर्षं राहिली. त्याच आठवड्यात एकादशीला आजीनं तूप-जिऱ्याची बटाट्याची भाजी केली होती.

हातांवरचा हा पहारा मोडायचा तर पावच खायला हवा, हे काही माणसांनी फार पूर्वी ओळखलं होतं. दादोबा पांडुरंगांच्या पुढाकारानं १८४९ मध्ये मुंबईत जातिभेद न मानणारी परमहंस सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. हे सगळं गुपचूप चाले. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा विखुरली. पावाच्या एका तुकड्यासाठी वाळीत पडायची भीती इतकी खरी होती.

त्यानंतर तीस वर्षांनीही फारसा फरक पडला नव्हता. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेला बाजूला ठेवला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं जाहीर केली आणि मोठं ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं भांडण, माजलं. पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते. पुढे दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

ही कोंडी सभांपेक्षा भुकेनं जास्त फोडली. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, पाळ्या सुरू झाल्या. खोलीवर चूल पेटवायला ना वेळ, ना जागा. इराण्याकडचा ब्रून, म्हणजे कडक पाव, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीची लादी हाच आधार झाला. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. उडप्यांच्या इडली-डोशासमोर शिवसेनेनं याच वड्याला मराठी माणसाचा म्हणून उचलून धरलं आणि २००९ मध्ये ‘शिववडा’ही आला. ज्या पावानं माणूस बाटायचा, तो चारेक पिढ्यांत मराठीपणाची खूण झाला. आपल्या खाण्याच्या इतिहासात याहून मोठी उलथापालथ मला तरी माहीत नाही.

चीज-शेजवानच्या वडापावाबद्दल माझंही मत आहे. चीज लसणाच्या सुक्या चटणीचा झणका मारून टाकतं, सॉसनं पाव लिबलिबीत होतो, आणि वड्याच्या कुरकुरीत चुऱ्याला काही अर्थच राहत नाही. मला तो आवडत नाही. पण हे भांडण जिभेचं आहे आणि ते खुशाल, तावातावानं व्हावं. स्लाइस की पाव, यावर आमच्या घरी दर रविवारी होतंच.

पहाटे टपरीवर लादीचे क्रेट उतरतात तेव्हा ते पाव कुणी मळले, कुणी भाजले, हे गिऱ्हाईक विचारत नाही. मुंबईतल्या अनेक भट्ट्यांवर उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान कारागीर रात्रभर राबतात, आणि सकाळी तोच पाव सगळ्यांच्या हातात असतो. अलीकडे मात्र कुठे कुठे तो जुना प्रश्न पुन्हा कानावर पडू लागला आहे: कुणाच्या हातचं आहे? तो ऐकला की मला मोरीजवळच्या कोनाड्यातली ती निळ्या काठाची बशी दिसते.